कुंडीवरची वारली

मागच्या दिवाळीत हौसेने कुंड्या गेरूने रंगवल्या आणि वर पांढरी वारली चित्रं काढली. तारपा, फेर धरलेली माणसं, झाडं... सगळ्यांनी कौतुक केलं, मीही खूश!

नंतर वाचलं, की हे चित्र मुळात लग्नघरातलं. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, मधोमध पालघट देवी. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद नेला. जिव्या सोमा म्हसे पुढे आले, २०११ साली पद्मश्री झाले. आनंदच आहे. पण बायकांच्या हातातल्या या कलेत नाव झालं ते मुख्यतः पुरुषांचं. आणि चादरी-कपांवर येईपर्यंत देवी गेली, नाच तेवढा उरला.

मग बाहेरच्यांनी हातच लावू नये का? मला तसं वाटत नाही. त्या कागदावर आज कितीतरी वारली घरं चालतात. पण नुसतं उचलणं वेगळं आणि विचारून, मोल देऊन घेणं वेगळं.

कुंड्या काही पुसणार नाही. पुढचं चित्र मात्र वारली हातचंच घेईन, आणि काढणाऱ्याचं, किंवा काढणारीचं, नाव विचारून.

असो. तुम्हाला काय वाटतं?