आधी नजर, मग हात

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चित्र काढायला सुचवले की बहुतेकदा एकच उत्तर येते, "छे, माझ्या हातात कला नाही." हे उत्तर देणारा हात रोज सफाईने सही करतो, सुईत दोरा ओवतो, भेंडी एकसारखी चिरतो, दारात ठिपक्यांची रांगोळी घालतो. वाकडी-सरळ रेघ ओढण्याइतका ताबा या हातावर नाही, असे मानायला काही आधार नाही. अमेरिकेत डेल कोहेन आणि सुझन बेनेट या संशोधकांनी 1997 साली नेमका हाच प्रश्न घेतला होता. समोर दिसणारी वस्तू बहुतेकांना जशीच्या तशी का काढता येत नाही? दोष हाताचा असू शकतो, काय काढावे आणि काय सोडावे या निवडीचा असू शकतो, आपल्याच चित्राकडे पाहण्याचा असू शकतो किंवा वस्तूकडे पाहण्याचा. एकेक शक्यता तपासल्यावर त्यांचा निष्कर्ष असा निघाला की हाताचा वाटा नगण्य आहे, मुख्य चूक वस्तूकडे पाहतानाच होते. प्रौढ वयात चित्रकला शिकू पाहणाऱ्याने हा निष्कर्ष मनावर घ्यावा, कारण सरावाची दिशाच त्याने बदलते. शिकायचे आहे ते पाहायला, आणि पाहण्याला वयाची अट नाही.

पाहण्यात चूक होते म्हणजे काय होते, हे समजून घ्यायला पुण्यात मंडईइतकी चांगली जागा नाही. मधला अष्टकोनी मनोरा घ्या. आठही बाजू सारख्या रुंदीच्या आहेत हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून नवशिका समोरची बाजू आणि कडेला वळलेली बाजू सारख्याच रुंदीच्या काढतो आणि मनोरा कागदावर चपटा होतो. डोळ्याला दिसते ते वेगळे असते. समोरची बाजू रुंद, कडेच्या बाजू त्या मानाने अगदी अरुंद. खाली गाळ्यावर टोपली आहे. तिचे तोंड गोल आहे हे माहीत असल्यामुळे ते गोल काढले जाते, प्रत्यक्षात तिरक्या नजरेला तो लांबट, दबलेला आकार असतो. टोपलीचा तळ जमिनीवर सपाट टेकलेला आहे हेही माहीत असते, म्हणून तिथे पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ येते, आणि वर गोल, खाली सरळ अशी जगात कुठेच नसलेली टोपली तयार होते. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके याने 1927 च्या आपल्या पुस्तकात लहान मुलांच्या चित्रांबद्दल म्हटले होते की मूल दिसते ते काढत नाही, माहीत असते ते काढते. आपल्यापैकी बहुतेकांचे चित्र काढणे शाळेतच थांबते, त्यामुळे पन्नाशीचा माणूस पेन्सिल हातात धरतो तेव्हा जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू करतो. फरक एवढाच की या मधल्या वर्षांत त्याला माहीत असलेल्या गोष्टी कितीतरी वाढलेल्या असतात. रोजच्या व्यवहारात हे माहीत असणे फार उपयोगाचे आहे. लांबचा माणूस बोटाएवढा दिसला तरी तो माणूसच आहे हे मेंदू आपोआप सांभाळतो, म्हणून तर आपण गर्दीतून धडपणे चालू शकतो. चित्र काढताना हीच मदत तेवढ्यापुरती बाजूला ठेवायला शिकावे लागते.

हे शिकण्याच्या रीती जुन्या आहेत आणि अजिबात गूढ नाहीत. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने मनोऱ्याची रुंदी मोजायची आणि उंचीत ती किती वेळा बसते ते पाहायचे. केळ्यांचे टांगलेले घड काढताना घडांऐवजी दोन घडांमधली मोकळी जागा काढायची, कारण त्या जागेला नाव नसते आणि नाव नसलेल्या आकाराबद्दल आपले पूर्वग्रहही नसतात. किमॉन निकोलाइडीस यांच्या 1941 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तर सुरुवातच अशी आहे की डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवायचा, पेन्सिल त्याच गतीने चालवायची आणि कागदाकडे पाहायचेच नाही. चित्र वेडेवाकडे येते, पण पाहणे पहिल्यांदाच पूर्ण होते. कोहेन यांच्याच 2005 च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांची चित्रे अचूक येतात त्यांची नजर वस्तू आणि कागद यांच्यामध्ये अधिक वेळा ये-जा करते. वाईट काढणारा एकदा पाहून घेतो आणि मग बराच वेळ आठवणीवर, म्हणजे पुन्हा माहितीवरच, काढत राहतो. रोजचा थोडा सराव रविवारच्या लांबलचक बैठकीपेक्षा सरस का, याचे उत्तर मला इथेच दिसते. वर-खाली पाहण्याची ही सवय आहे, आणि सवय वारंवारतेने लागते. मंडई या बाबतीत फार चांगली शिक्षिका आहे. तुम्ही कांद्याची रास काढत असता आणि गाळेवाल्या मावशी त्यातले दोन किलो तागडीत टाकतात. रास बदलली. आता पुन्हा पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पुणेकर मंडईला विद्यापीठ म्हणत आले आहेत ते तिथल्या रोखठोक भाषेसाठी, पण नजरेच्या शिक्षणासाठीही ते नाव तिला शोभते.

याच शहरात, मंडईपासून थोड्याच अंतरावर, या शिक्षणाचा एक मोठा प्रयोग सव्वादोनशे वर्षांपूर्वी झाला होता आणि आपण तो जवळजवळ विसरलो आहोत. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. 1791 साली हिंदुस्थानात आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तिथे शिकवत असे. तिथला सर्वांत नावाजलेला चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्याने काढला, वेरूळची लेणी काढली, आणि त्याची चित्रे आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. गंगाराम नवशिका नव्हता, त्याचा हात आधीच तयार होता. म्हणूनच त्याचे उदाहरण मला मोलाचे वाटते. हात तयार असूनही त्याला खोली, अंतर, छाया-प्रकाश यांची नवी रीत शिकून घ्यावी लागली, आणि ती त्याने लेण्यांसमोर बसून, दगडाकडे पाहत आत्मसात केली.

यावर पहिला आक्षेप उपजत प्रतिभेचा येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून जाणीवपूर्वक केलेल्या सरावाचे महत्त्व दाखवले. त्यातून पुढे दहा हजार तासांचा मंत्र लोकप्रिय झाला. पण 2014 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा संगीतातल्या माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे 21 टक्केच फरक सरावाने स्पष्ट होतो असे दिसले. म्हणजे सराव हेच सर्वस्व म्हणणे खोटे आहे, आणि शिकवणाऱ्यांनी ते सांगू नये. मात्र हे आकडे माणसामाणसांतला फरक मोजतात. तोच माणूस वर्षभरापूर्वी कुठे होता आणि आज कुठे आहे, हे ते सांगत नाहीत. हार्मोनियमच्या क्लासला जाणाऱ्या निवृत्त गृहस्थांना मैफल गाजवणार का, असे कुणी विचारत नाही. चित्राच्या बाबतीतच पहिल्या दिवसापासून कलावंत असण्याची अट का घालायची? उदाहरणे द्यायची तर रवींद्रनाथांचे नाव हमखास घेतले जाते, पण ते इथे फारसे लागू नाही. ते उतारवयात चित्रकार झाले खरे, पण हस्तलिखितांतल्या खोडाखोडीतून, निरीक्षणाच्या सरावातून नव्हे. व्हॅन गॉगचे उदाहरण अधिक कामाचे. 1880 साली, सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचे ठरवल्यावर तो शार्ल बार्गच्या शिकवणीच्या पुस्तकांतले नमुने पुन्हापुन्हा गिरवत बसला. दहा वर्षांनी, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्याने भावाकडे तीच पुस्तके पुन्हा मागितली. प्रतिभा कुणाजवळ होती याबद्दल आज वाद नाही, तरीही सरावाची गरज त्यालाच सर्वांत जास्त वाटत होती.

दुसरा आक्षेप उपयुक्ततेचा. खिशात फोन असताना, घरखर्चाची ओढाताण असताना हा सोस कशासाठी? मंडईच्या आवारात हा प्रश्न विचारला तर त्याला इतिहासाचे वजन येते. 1886 साली रे मार्केट या नावाने उभ्या राहिलेल्या या इमारतीवर पैसा घालायला नगरपालिकेत महात्मा फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव दिले गेले. शोभेपेक्षा शिक्षण आधी, हा त्यांचा निकष मला पूर्ण मान्य आहे. त्याच निकषावर रेखाटन उतरते असे माझे म्हणणे आहे. पेन्सिल आणि पाठकोरे कागद यांपलीकडे त्याला काही लागत नाही. जॉन रस्किन 1854 पासून लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात दिवसभर राबून आलेल्या कामगारांना चित्र काढायला शिकवत असे. त्यांना चित्रकार बनवणे हा त्याचा हेतूच नव्हता, त्यांनी नीट पाहायला शिकावे एवढाच होता. फोन मनोऱ्याचा फोटो क्षणात काढतो, पण तो क्षण संपल्यावर कमानींचे टोक कसे होते, सावली कुठल्या बाजूला होती, हे फोटो काढणाऱ्याला सांगता येईलच असे नाही. ज्याने पंधरा मिनिटे तीच कमान काढली त्याला सांगता येते, चित्र कितीही फसलेले असो. जुन्या पेठांतले वाडे एकेक करून पडत असताना त्यांच्याकडे असे पाहणारी चार माणसे शहरात असणे ही चैन नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. चुकीचा सराव चूकच पक्की करतो. रोज दहा चित्रे काढून तीच सपाट टोपली दहा वेळा गिरवणारे लोक असतात. त्यांच्यात मेहनतीची उणीव नसते, पडताळ्याची असते. फोनवरच्या व्हिडिओत दुसऱ्याने सोपी करून दिलेली टोपली उतरवताना पाहण्याचे सगळे काम त्या दुसऱ्यानेच केलेले असते. आपल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचा पाया या दृष्टीने चांगला आहे. एकीत वस्तुचित्र, दुसरीत स्थिरचित्र, म्हणजे समोर खरी वस्तू ठेवून काढायचे चित्र. पण दहावीच्या सवलतीच्या गुणांशी त्या जोडल्या गेल्यापासून अनेक घरांत चित्रकलेचा अर्थ तेवढाच उरला. प्रौढांसाठी क्लास चालवणाऱ्यांनी त्यातला वस्तुचित्राचा भाग तेवढा उचलावा आणि छापील चित्रांवरून नक्कल करवणे पहिले सहा महिने तरी बंद ठेवावे. आठवड्यातून एकदा सगळ्यांना सकाळच्या मंडईत न्यावे, एकेका वाट्यासमोर गाळ्याची वाट न अडवता उभे करावे, आणि काढून झाल्यावर कागद त्याच भाजीशेजारी धरून प्रमाण कुठे चुकले ते तिथल्या तिथे, खोडरबर न वापरता, शेजारी दुसरी रेघ ओढून दाखवावे.