गहू सोडला तर नियम, आजारात सोडला तर नखरे?



परवा सामूहिक पारण्याला माझ्या सूनबाईनं पुरी नको म्हटलं, तर वाढणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "एवढे कसले गं नखरे!" तिथं मी गप्प बसले. आज लिहिते.

सूनबाईच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेखाली पाण्याचे बारीक फोड यायचे. खाजेनं रात्र रात्र झोप नाही. पोटाची तक्रार मात्र काहीच नाही. तीन वर्षं खरजेची मलमं लावली. मीसुद्धा "उष्णता आहे" म्हणत सब्जा पाजत राहिले. कुणी "पूर्वकर्म" म्हणून मोकळं झालं. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी फोडाशेजारच्या चांगल्या कातडीचा छोटा तुकडा तपासला, रक्तातलं टीटीजी पाहिलं. निदान झालं, डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. म्हणजे सिलिअॅक आजाराचं कातडीवर दिसणारं रूप. गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःवरच उलटतं. हा संसर्ग नाही की अस्वच्छता नाही. डॉ. लुई डूरिंग यांनी १८८४ मध्येच या फोडांचं वर्णन केलं होतं.

डॅप्सोनच्या गोळीनं खाज चार दिवसांत थांबली. पण ही गोळी कुष्ठरोगावरही देतात, एवढं कळताच दोघींनी तिच्या हातचं पाणी टाळलं! कर्मसिद्धान्त मीही मानते. पण कर्म आपलं आपण तपासायचं असतं, दुसरीच्या कातडीवर वाचायचं नसतं.

गोळीनं खाज जाते, आतडं बरं होत नाही. त्यासाठी गहू जन्मभर बंद. चातुर्मासात कुणी गहू सोडायचा नियम घेतला तर आपण अनुमोदना करतो. मग हिलाच टोमणे का?

आपल्याकडे कांदा-लसूण नाही, म्हणून फोडणीत हिंग सढळ. पण बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. गिरणीत गव्हावर दळलेल्या ज्वारीतही गहू येतोच. आम्ही आता तिचं दळण घरघंटीवर वेगळं करतो. सूक्ष्म जीव वाचावेत म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या आपण, घरातल्या आजारी बाईसाठी एवढं जपू शकत नाही?

असे फोड पुन्हा पुन्हा येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि सिलिअॅकची तपासणी करायची का, हे स्पष्ट विचारा. तपासणीआधी मनानं गहू बंद करू नका, निदान चुकू शकतं.

आणि पुढच्या पारण्याला एका कोपऱ्यात ज्वारीची भाकरी ठेवा. काही न विचारता.