आज्ञाधारक कोण?
(द्वितीय वर्ष, कला)

शाळेत पत्रलेखन शिकवताना मुख्याध्यापकांना लिहायच्या अर्जाच्या शेवटी एक ठरलेली ओळ घोटून घेतात : ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. त्याच अर्जात ‘विनंती’ हा शब्द निदान तीनदा तरी येतो. पुढे शाळा सुटते, पण ही भाषा काही सुटत नाही. दाखल्याला विनंती, सवलतीला विनंती, मीटरच्या तक्रारीलाही विनंतीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. साहजिकच घरचे आणि शेजारपाजारचे सारे अर्ज माझ्या हातून जातात, आणि विनंती किती परींनी करता येते हे मला एव्हाना पाठ झाले आहे.

ज्याला विनंती करावी लागत नाही, नुसती आज्ञा केली की पुरते, असा एक नोकर आज आपणा सर्वांच्या खिशात येऊन बसला आहे. त्याचे नाव चॅटबॉट. वर्गाच्या ग्रुपवर वेळापत्रक टाकतो तो, नव्या सभासदाचे स्वागत करतो तो, नको असलेले संदेश खोडतो तोही तोच. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने नागरिकांसाठी व्हॉट्सॲपवर असा बॉट सुरू केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवरून देण्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या खिडकीसमोर आपले आईबाप रांगेत उभे राहत आले, ती खिडकीच आता बोलू लागली आहे. अशा वेळी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. हा नोकर आज्ञाधारक खरा; पण कोणाचा?

प्रत्येक बॉटच्या पोटात काही नियम भरून ठेवलेले असतात. बोलायचे कोणत्या भाषेत, लिंक असलेला संदेश ठेवायचा की खोडायचा, कोणते शब्द वर्ज्य, किती वेळा ताकीद देऊन माणसाला ग्रुपबाहेर काढायचे, इत्यादी. यांनाच सेटिंग म्हणतात. ती पाहण्याची आणि बदलण्याची जुनी व सरळ वाट म्हणजे आज्ञा, ज्याला सारे ‘कमांड’ म्हणतात. एक तिरकी रेघ काढावी, तिला लागून एक शब्द लिहावा, की बॉट कामाला लागतो. एका आज्ञेने सध्याची सेटिंग समोर येते, दुसरीने ती बदलते. या दोन आज्ञा दिसायला जुळ्या बहिणी वाटतात. पण त्यांत फार मोठा भेद आहे आणि माझे सारे म्हणणे त्या भेदाविषयीच आहे. बदलण्याचा अधिकार थोड्यांच्या हाती असला तरी चालेल. पाहण्याचा अधिकार मात्र सर्वांचा असला पाहिजे.

हा भेद पूर्वी असा मानला जात नसे. १९८८ साली फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘आयआरसी’ नावाची गप्पांची व्यवस्था तयार केली. अनेकांनी एकाच वेळी बसून लिहिता-बोलता यावे यासाठी तीत निरनिराळी दालने असत. दालनाचा मालक झोपला तरी पहारा चालू राहावा म्हणून बॉट आले. त्यांपैकी ‘एगड्रॉप’ हा रोबी पॉइंटर यांनी १९९३ साली लिहिलेला बॉट विशेष गाजला. ‘चॅनइन्फो’ म्हटले की तो दालनाची सेटिंग दाखवी, ‘चॅनसेट’ म्हटले की बदली. मात्र प्रत्येक सभासदाच्या नावापुढे त्याच्या अधिकाराची खूण असे, आणि वरची खूण असलेल्यांनाच या आज्ञा चालत. सामान्य सभासदाने बदलायचे तर नाहीच, पाहायचेही नाही. वतनदारी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

पुढे २०१५ साली टेलिग्रामने बॉट तयार करण्याची सोय सर्वांना खुली केली, तेव्हा चित्र पुष्कळ सुधारले. ‘स्टार्ट’, ‘हेल्प’ आणि जेथे लागू असेल तेथे ‘सेटिंग्ज’ या आज्ञा प्रत्येक बॉटला कळाव्यात, अशी अपेक्षा टेलिग्रामने बॉट लिहिणाऱ्यांपुढे ठेवली. ‘सेटिंग्ज’ या आज्ञेने त्या माणसाची सेटिंग दाखवावी आणि ती बदलण्याच्या आज्ञा सुचवाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. याहून एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ग्रुपमधल्या बॉटने साऱ्या गप्पा ऐकायच्या की मुख्यत्वे आपल्याला उद्देशून आलेले तेवढेच ऐकायचे, हे ठरविणारी एक सेटिंग तेथे असते. ती बदलतो बॉटचा मालक; पण बॉटला संदेश वाचता येतात की नाही, हे ग्रुपच्या सभासदांच्या यादीत त्याच्या नावाखाली सर्वांना दिसते. बदलणारा एक, पाहणारे सारे. न्याय म्हणतात तो हाच!

आता घरच्या अंगणातले उदाहरण. गेल्या वर्षी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी एक बॉट आणून बसविला. एके रात्री तालुक्याच्या टोकाच्या गावाहून येणाऱ्या एका मैत्रिणीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची लिंक टाकली आणि मुदत संपत आल्याचे कळविले. संदेश क्षणात नाहीसा झाला. तिने पुन्हा टाकला, पुन्हा नाहीसा. सकाळी वर्गात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, वर्गप्रतिनिधीने खोडला. कोणी म्हणाले, गावाकडच्या पोरींचे कोण वाचतो! ती बिचारी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. अखेर एका मुलाने बॉटला सेटिंग विचारली, तेव्हा कळले की लिंक असलेला कोणाचाही संदेश खोडावा, असे त्याला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवले होते. ना कोणाचा द्वेष, ना कोणाचे कारस्थान. पण चौघांचे अर्ज त्या दोन दिवसांत राहिले ते राहिलेच.

मित्रहो, या प्रसंगाकडे नुसती यंत्राची गंमत म्हणून पाहू नका. सेटिंग दिसत नव्हती म्हणून माणसाला माणसाचा संशय आला. ज्याच्या वाट्याला आजवर दुर्लक्षच आले, त्याला ‘मला मुद्दाम वगळले’ असेच प्रथम वाटणार. आणि तसे वाटण्यात त्याचे काही चुकत नाही, कारण मागचा अनुभव तसाच आहे. नियम उघड्यावर असला की निदान भांडण नियमाशी होते. नियम झाकला की भांडण शेजाऱ्याशी होते.

येथे कोणी म्हणेल, आता आज्ञा कशाला हव्यात? नवे बॉट साध्या मराठीत बोलतात, त्यांना सरळ विचारावे. हा युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम जगापुढे आणला. आपलेच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून आपल्याला परत करायचे, हीच त्याची मुख्य करामत. तरी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली. आजचे बॉट त्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत. पण पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज करीत वाक्य रचणे, हा त्यांचा धर्म आहे. ‘तुला काय सांगून ठेवले आहे?’ असे विचारले तर ते गोड शब्दांत काहीतरी सांगतात. ते आतल्या नियमांतून वाचून दाखवले की जुळवून सांगितले, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. नीट लिहिलेली आज्ञा मात्र नोंदवहीचे पान उघडून दाखविते. चालू आहे की बंद, किती वाजता, कोणती भाषा. तिला लाघव नाही आणि लपवाछपवीही नाही. ‘बघतो, उद्या या’ हे गोड उत्तर आपल्या आईबापांनी जन्मभर ऐकले आहे. आपल्याला गोड उत्तर नको, नेमके उत्तर हवे.

दुसरा प्रश्न भाषेचा. नको असलेले जाहिरातींचे फोन व संदेश थांबविण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ सालापासून १९०९ या क्रमांकावर आज्ञा पाठविण्याची सोय अमलात आणली. सोय उत्तम. पण सारे बंद करण्यासाठी लिहायचे काय? तर ‘स्टार्ट’ आणि त्यापुढे शून्य! बंद करण्यासाठी ‘सुरू करा’ म्हणायचे, तेही रोमन अक्षरांत. महावितरणकडे आपल्या वीजजोडणीला मोबाईल क्रमांक जोडण्यासाठी ‘एमआरईजी’ ही चार अक्षरे आणि पुढे ग्राहक क्रमांक असा संदेश पाठवावा लागतो. या चार अक्षरांचा अर्थ माझ्या वडिलांना कोण सांगणार? टेलिग्रामच्या आज्ञेतही फक्त रोमन अक्षरे, अंक आणि खालची रेघ चालते. आज्ञेचा शब्द देवनागरीत लिहिताच येत नाही. तरी आज्ञेपुढे तिचे वर्णन मात्र मराठीत देता येते, आणि ज्याचे ॲप मराठीत आहे त्याला ते मराठीतच दिसावे अशी तजवीजही करता येते. किती बॉट लिहिणारे एवढी तसदी घेतात? जी आज्ञा वाचता येत नाही ती करता येत नाही, आणि जो आज्ञा करू शकत नाही तो पुन्हा अर्जदारच राहतो.

आता आक्षेपाचा विचार करू. सेटिंग सर्वांना दाखवली तर वर्ज्य शब्दांची यादी पाहून टारगट पोरे पळवाटा काढतील, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका कोणी फळ्यावर लिहीत नाही. पण परीक्षा किती गुणांची आणि उत्तीर्ण व्हायला किती लागतात, हे तर आधीच सांगतो ना? तसेच येथे. शिव्यांची यादी झाकून ठेवा. पण शिव्या खोडल्या जातात, लिंक खोडल्या जातात, तीन ताकिदींनंतर बाहेर काढले जाते, हे नियम दिसू द्या. टोकन, पासवर्ड या किल्ल्या आहेत, त्या कोणीच मागत नाही. किल्ली मालकाकडे असावी, पाटी दारावर असावी.

दारावरची पाटी ही काही नवी कल्पना नव्हे. महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. देशाच्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कार्यालयाने आपले नियम कोणी विचारण्याची वाट न पाहता आपणहून जाहीर करायचे असतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, हे फलकावर लावणे बंधनकारक केले. खिडकीवर फलक लागतो, तर बोलक्या खिडकीवर का लागू नये? ‘माझा कोणता क्रमांक तुझ्याकडे आहे, कोणती भाषा लावली आहे, माझे बोलणे किती दिवस साठवतोस, माणसाशी बोलायचे तर कोणता शब्द लिहू’ एवढे तरी एका आज्ञेत दिसलेच पाहिजे. आणि नियम कोणी, केव्हा बदलला, याची नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तासारखी राहिली पाहिजे.

ही सारी जबाबदारी शासनावर वा परदेशी कंपन्यांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. पनवेलच्या आसपास आज नवी शहरे उभी राहत आहेत, नवा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला. या सगळ्याच्या कचेऱ्यांत उद्या बॉट असतील आणि ते सांभाळणाऱ्यांत आपल्यातलेही काही असतील. त्याची तालीम येथूनच व्हावी. प्राध्यापकांना माझे नम्र सांगणे आहे की कॉलेजच्या ज्या ज्या ग्रुपवर बॉट आहे, तेथे ‘सेटिंग्ज’ ही आज्ञा प्रत्येक सभासदाला खुली करावी. मराठी विभागाने आज्ञांची वर्णने सुबोध मराठीत लिहून द्यावीत. परिभाषा घडविण्याचा याहून जिवंत प्रात्यक्षिक वर्ग दुसरा नसेल. बॉट बसविणाऱ्याने पहिल्याच दिवशी त्याचे नियम ग्रुपच्या माथ्यावर लावावेत. याला खर्च काही नाही. लागेल तो एक तास आणि थोडी आस्था.

आपल्या मागच्या पिढीने अर्ज लिहिण्यासाठी दुसऱ्याचा हात धरला. आपल्याला लिहिता येते. आता यंत्राने काय ठरवून ठेवले आहे तेही आपण वाचले पाहिजे, आणि जे अजून अर्जच लिहून घेत आहेत त्यांना वाचून दाखविले पाहिजे.