विहीर बुजवण्याआधी



मंदिराच्या जीर्णोद्धाराची चर्चा निघाली की पहिली गदा येते ती आवारातल्या विहिरीवर. "आता नळ आहे, पाणी कोण काढतंय?" असं म्हणून ती बुजवतात आणि वर फरशी घालतात. मला हे पटत नाही. का, ते एका लांबच्या उदाहरणावरून सांगते.

लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. तिथे फ्रँकलिन टाऊनशिपमध्ये आपलं मोठं जैन मंदिर आहे आणि त्याच भागातून डेलावेअर-रॅरिटन कालवा जातो. रोज सकाळी आम्ही त्याच्या काठाने चालायचो. 1834 साली सुरू झालेला हा मुख्य कालवा 44 मैलांचा. आयरिश मजुरांनी तो कुदळ-फावड्याने खणला. 1832 च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांच्यातले कितीतरी दगावले. कोळशाच्या नावा खेचरं ओढायची. आज आपण चालतो ती वाट त्या मुक्या जिवांची.

वाटेत जुनी दगडी लॉक दिसतात. मुख्य कालव्यावर अशी 14 होती. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला लांबट हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि वरच्या बाजूचं पाणी आत सोडायचं. हौद भरला की नाव आपोआप वर येते, मग पुढचं दार उघडायचं. पंप नाही, इंजिन नाही.

रेल्वे आली, धंदा बसला आणि 1932 नंतर नावा थांबल्या. आम्ही बी.कॉम.ला घसारा शिकलो, त्या हिशेबाने कालव्याची किंमत शून्य. टोकांचा काही भाग रस्त्यांखाली गेलाही. पण बाकीचा राज्याने ताब्यात घेऊन पाणीपुरवठ्यासाठी दुरुस्त केला. 1974 साली तिथे उद्यान झालं. आज लाखो लोक त्याच कालव्याचं पाणी पितात.

तिथल्या राज्याने जे जपलं, ते अप्कायातही जीव मानणाऱ्या आपण बुजवायचं? अभिषेकाला विहिरीचं पाणी लागतं. पाणी गाळल्यावर जिवाणी जिथलं तिथे सोडायची, असं आपल्याला आईने शिकवलं. विहीरच नसेल तर ती सोडायची कुठे?

लहान मुलांची भीती खरी आहे, त्यासाठी वर मजबूत जाळी बसवावी. गाळ काढून घ्यावा. मंदिराच्या छताचं पावसाचं पाणी गाळून आत सोडावं. संगमरवराच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

विश्वस्तांच्या बैठकीत आपण बहुधा मागे बसतो आणि चहाचं बघतो. पुढच्या वेळी विहिरीचा विषय निघाला की उठून एवढंच विचारा, "बुजवण्याआधी दुरुस्तीचा अंदाज काढलात का?"