रोजची अडीचशे पेटंटे आणि लेथवरचा माणूस

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अभिमानाने जाहीर केले की, देशाच्या पेटंट कार्यालयाने वर्षभरात एक लाख पेटंटे दिली. म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवसाला अडीचशे. हा आकडा राष्ट्राच्या प्रतिभेचा पुरावा म्हणून मिरवला गेला. परंतु पेटंट हे शोधाबद्दल मिळणारे पदक नव्हे. शासकीय परिभाषेत त्याला ‘एकस्व’ म्हणतात, आणि तो शब्द अधिक प्रामाणिक आहे : वीस वर्षे ही वस्तू एकाची, बाकी सर्वांना मनाई. तेव्हा रोज अडीचशे पेटंटे दिली, याचा दुसरा अर्थ असा की, रोज अडीचशे मनाई-हुकूम साऱ्या समाजावर बजावले गेले. त्यांतील कितीतरी योग्यही असतील. प्रश्न एवढाच की, पारखून किती दिले आणि मोजून किती दिले?

या प्रश्नाकडे आपल्या चळवळीचे पुरेसे लक्ष नाही, हे कबूल केले पाहिजे. काही साथी म्हणतात, पेटंट हे भांडवलदारांचे आपसातले भांडण. त्यात कामगाराने कशाला पडावे? दुसरे काही साथी हा प्रश्न केवळ औषधांपुरता मानतात. औषधांचा लढा मोलाचा होता यात शंका नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची कर्करोगाच्या औषधावरील मागणी फेटाळली, तो विजय रुग्णांच्या संघटनांनी चिकाटीने मिळवलेला होता. पण माणसाला औषध लागते तसे पंपाला कपलिंग लागते, आणि कपलिंगावरची मक्तेदारी जर अपात्र माणसाच्या हाती गेली, तर तिची किंमत देणारा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला छोटा कारखानदार, त्याच्याकडचा फिटर आणि शेवटी पाण्याची वाट पाहणारा शेतकरीच असतो.

कपलिंगाचेच उदाहरण मुद्दाम घेतो, कारण ते साधे आहे. मोटारीचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट जोडणारा हा दुवा. दोन शाफ्ट कागदावर एका रेषेत असतात. प्रत्यक्षात कधीच नसतात. एक केसभर वर असतो, किंवा थोडा तिरका असतो, किंवा तापल्यावर लांबीत वाढतो. जोड अगदी ताठ ठेवला तर बेअरिंगे झिजतात, सील गळू लागते आणि एखाद्या दिवशी शाफ्टच तुटतो. म्हणून जोड शक्ती तर पोचवील, पण थोडा वाकेलही, अशी युक्ती माणूस शतकानुशतके शोधत आला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने तिरक्या शाफ्टांसाठी सांधा वर्णिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडच्या जॉन ओल्डहॅमने समांतर पण सरकलेल्या शाफ्टांसाठी मध्ये सरकती चकती घातली. पुढे पिन आणि रबरी बुश आले, जबड्यांच्या मध्ये रबराचा तारा आला, रबरी टायरचे कपलिंग आले, मोटार न हलवता मधला तुकडा काढता यावा अशी रचना आली. यांतील कोणत्याही युक्तीवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही. आयटीआयमधला मुलगा त्या शिकतो, मिस्त्री त्या वापरतो. हा मानवजातीचा सामाईक गायरान आहे.

आता समजा, एखाद्या मोठ्या कंपनीने अर्ज केला : दोन हब, त्यांच्या मध्ये लवचीक चकती, आणि जास्त भार आल्यास तुटणारी पिन, अशा कपलिंगावर आमचा दावा आहे. आकृत्या सुबक, भाषा भारदस्त. पेटंट कार्यालयातील परीक्षकाने येथे काय करायचे असते? त्याने वर्णनाने भारून न जाता दावा वाचायचा असतो, कारण मनाई वर्णनाने ठरत नाही, दाव्याच्या शब्दांनी ठरते. दाव्याचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा जुन्या पेटंटांत, पुस्तकांत, कारखान्यांच्या कॅटलॉगांत सापडतो का, ते शोधायचे. सगळे तुकडे एकाच जुन्या रचनेत सापडले, तर नावीन्य संपले. वेगवेगळ्या ठिकाणी सापडले, तर पुढचा प्रश्न : या विद्येत निपुण असलेल्या माणसाला ते एकत्र आणणे सहज सुचले असते का? १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(फ) याबाबत स्वच्छ आहे. माहीत असलेली साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर तो शोध नव्हे. आपल्या उदाहरणात चकती वाकते आणि पिन तुटते; दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. अर्ज फेटाळलाच पाहिजे. मात्र चकती झिजत आली की तिच्याच ढिलेपणाने पिन सुटून यंत्र आपोआप थांबते, अशी रचना कोणी केली असेल, तर दोन जुन्या वस्तूंमधून तिसरे काम उभे राहिले. तेथे परीक्षकाने थांबून विचार करावा, आणि असे पूर्वी कोणी केले नसेल, तर मान द्यावा.

एवढे सगळे करायला वेळ लागतो, वाचन लागते, आणि ‘नाही’ म्हणण्याची निर्भयता लागते. ज्या कार्यालयाचे यश दिलेल्या पेटंटांच्या संख्येवर मोजले जाते, तेथे या तिन्ही गोष्टींची किंमत आपोआप घसरते. न्यायाधीशाची बढती त्याने किती जणांना दोषी ठरवले यावर ठेवली, तर त्या न्यायालयाला आपण काय म्हणू?

पारख न झालेल्या पेटंटाचे काय होते, याचा धडा आपल्याच देशात आहे. मिर्झापूर हे पितळी भांड्यांचे गाव. लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या एका साधनावर तेथील हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या संस्थेला १९५१ सालच्या अर्जावर पेटंट मिळाले. पूर्वी भांडे चिकट पदार्थाने डकवून फिरवत. ते उडून कामगाराला इजा होण्याची भीती असे. नव्या रचनेत लेथच्या दुसऱ्या टोकाकडून दाब देणाऱ्या स्पिंडलने भांडे धरले जाई. सुधारणा उपयुक्त होती, हे कोणीच नाकारणार नाही. पण त्याच गावातल्या दुसऱ्या संस्थेविरुद्ध या पेटंटाच्या जोरावर दावा झाला आणि तो जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत लढला गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट अवैध ठरवले, खंडपीठाने ते पुन्हा उभे केले, आणि डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अखेर रद्द केले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : दाब देणारे स्पिंडल जुनेच, त्याचा असा वापर कोणत्याही कसबी कारागिराला सुचण्याजोगा, कारखान्यातली नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

निकाल योग्य, पण कालगणना पाहा. १९११ च्या तेव्हाच्या कायद्याखाली पेटंटाची मुदत सोळा वर्षांची होती. म्हणजे हे पेटंट मुळात द्यायलाच नको होते, हे अंतिमतः ठरले तेव्हा त्याची मुदत संपूनही दशक उलटले होते! जे काम परीक्षकाच्या टेबलावर व्हायला हवे होते, ते करायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. कायदा स्वतःच कलम १३(४) मध्ये सांगतो की, परीक्षण झाले म्हणून पेटंटाच्या वैधतेची हमी सरकार देत नाही. हमी नाही, जबाबदारी नाही; नोटीस मात्र खरी. शिरोलीच्या वसाहतीत चार कामगारांनिशी कपलिंगे बनवणाऱ्या माणसाला अशी नोटीस आली, तर तो पंचवीस वर्षे लढेल काय? तो दुसऱ्या दिवशी ते काम बंद करील, आणि चारांतले दोन कामगार घरी बसतील.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. परीक्षण कडक केले, तर गरीब संशोधकाचेच नुकसान होणार नाही का? अनुभव उलट सांगतो. कच्चे पेटंट हे श्रीमंताचे हत्यार आहे, कारण ते खरे की खोटे हे ठरवण्याचा खर्च तोच सोसू शकतो. पक्के पारखलेले पेटंट हे गरिबाचे कवच आहे, कारण ते पाहूनच मोठा प्रतिस्पर्धी बिचकतो. गरीब संशोधकाला मदतच करायची, तर ती अन्यत्र करावी. कारखान्यातल्या फिटरने सुचवलेल्या रचनेवर पेटंट मालकाच्या नावे होते. फार तर संशोधक म्हणून फिटरचे नाव कागदावर येते. जर्मनीत १९५७ पासून नोकरदाराच्या शोधाबद्दल त्याला मोबदला देणारा कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. रोजच्या अडीचशे पेटंटांचा ढोल वाजवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

उलट, सरकारची पावले कोठे पडत आहेत? न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात दाखवून दिले होते की, भारतातील बहुसंख्य पेटंटे परकीयांची आहेत आणि ती येथे वापरलीच जात नाहीत. म्हणून १९७० च्या कायद्यात पेटंटधारकाने त्याचा वापर केला की नाही, याचा हिशेब मागण्याची तरतूद ठेवली गेली. हा हिशेब दरवर्षी द्यावा लागे. मार्च २०२४ च्या नियमांनी तो तीन वर्षांतून एकदा केला. कायद्याच्या कलम २५(१) ने पेटंट मिळण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. त्याच नियमांनी या हरकतीवर शुल्क बसवले आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही, हे आधी ठरवण्याचा अधिकार नियंत्रकाला दिला. म्हणजे मक्तेदाराचा हिशेब सैल, आणि जनतेच्या तक्रारीला फाटक!

काही साथी विचारतील, ज्ञानावरची खासगी मालकीच आपल्याला अमान्य असताना या दुरुस्त्यांच्या खटाटोपात का पडावे? शेतजमिनीची कमाल मर्यादा ठरवून घेण्यासाठी आपण लढलो, तेव्हा जमिनीची मालकी संपली होती काय? हद्द जेथे असेल तेथे ती रोखून धरावी लागते. परीक्षकाचे टेबल ही ती हद्द आहे. टेबलाच्या एका बाजूला हूक आणि ओल्डहॅमपासून आजच्या अनाम मिस्त्रीपर्यंत सर्वांचे साठलेले ज्ञान आहे, आणि दुसऱ्या बाजूला ते वकिली भाषेत गुंडाळून स्वतःच्या नावावर करू पाहणारा अर्जदार.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पेटंट कार्यालयाचे मोजमाप दिलेल्या पेटंटांवर नव्हे, परीक्षणाच्या गुणवत्तेवर व्हावे. परीक्षक कायम नोकरीतले, पुरेशा संख्येने आणि पुरेसा वेळ असलेले असावेत. मंजुरीपूर्वीच्या हरकतीवरील शुल्क आणि आडकाठी रद्द व्हावी. वापराचा हिशेब पुन्हा दरवर्षी द्यावा लागावा. नोकरदार संशोधकाला त्याच्या शोधात वाटा देणारा कायदा व्हावा.

आणि मागण्यांबरोबर काम. पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी प्रसिद्ध होते. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर किमान सहा महिने पेटंट देता येत नाही; तेवढा अवधी आपल्या हातात असतो. आपल्या अभियांत्रिकी कामगार संघटनांनी, तंत्रशिक्षण संस्थांतील मित्र-शिक्षकांनी आपापल्या विषयाचे अर्ज वाचावेत. पिवळे पडलेले कॅटलॉग, तारखेचे बिल, जुने ड्रॉइंग, ही सारी पुराव्याची साधने आहेत. आणि ती कारखान्यांच्या कपाटांत तेलाच्या डागांसह पडून आहेत. दावा करणारा जे ‘नवे’ म्हणतो, ते आपल्या फिटरने वीस वर्षांपूर्वी बसवले असेल, तर ते सांगायला त्याच्याइतका लायक साक्षीदार कोण? त्याला साक्षीला उभे करणे हे आता आपले काम आहे.