गिरणाकाठचे विद्यापीठ आणि पारोळ्याची विद्यार्थिनी

१५ ऑगस्ट २०२५ रोजी जळगावच्या विद्यापीठाला पस्तीस वर्षे पूर्ण झाली. १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळे काढून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा 'आणखी एक विद्यापीठ कशाला?' असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वर्गात विचारला जात होता. खानदेशात तो कुणी विचारला नाही, कारण त्याचे उत्तर येथील प्रत्येक घराला ठाऊक होते. १९४९ साली पुण्याला विद्यापीठ झाले आणि येथील महाविद्यालये मुंबईकडून पुण्याकडे आली. पण पारोळ्याच्या मुलाला एका गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी पुण्याला जायचे तर रात्रभराचा प्रवास, एक दिवस खिडकीपुढची रांग आणि परतीची दुसरी रात्र हा हिशेब काही चुकला नाही. शेतमजुराच्या घरात हा खर्च म्हणजे आठवड्याची मजुरी. ज्यांना तो परवडत नसे त्यांचे शिक्षण कोणतीही नोंद न होता तेथेच संपत असे. आज विद्यापीठ बांभोरीला, गिरणेच्या काठी, पारोळ्यावरून जाणाऱ्या धुळे-जळगाव महामार्गावरच उभे आहे. सकाळच्या एस.टी.ने गेलेला मुलगा काम उरकून संध्याकाळी घरी परत येतो. या एका गोष्टीसाठीदेखील १९९० चा निर्णय योग्य होता, असे म्हणावे लागेल.

या विद्यापीठाने पस्तीस वर्षांत काहीच केले नाही, असे म्हणणारे ते पाहायला गेलेले नाहीत. संस्थापक कुलगुरू डॉ. नि. कृ. ठाकरे हे गणिताचे अभ्यासक होते आणि विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाला येथे आरंभापासून महत्त्वाचे स्थान मिळाले. रसायन तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था विद्यापीठाने आपल्याच आवारात चालवली. एरवी ज्या शिक्षणासाठी मुंबईची वाट धरावी लागे, ते जिल्ह्यात मिळू लागले. 'कमवा व शिका' योजनेतून अनेक मुलांनी आपला महिन्याचा खर्च भागवला. नंदुरबारला आदिवासी अकादमीचे काम विद्यापीठाने अंगावर घेतले. ज्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, त्या धुळ्यात गांधी विचारांच्या अभ्यासाचे केंद्रही उभे राहिले. अलीकडे नवउद्योजकांना साहाय्य करणारे केंद्रही आले आहे. २०१८ साली विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. आसोद्याची ही शेतकरी स्त्री निरक्षर होती. तिने रचलेली गाणी घरच्या मुलांनी कागदावर उतरवून घेतली, आणि १९५१ साली ती वारल्यानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या बाईला शाळेची पायरी चढता आली नाही, तिचे नाव विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीपत्रावर येते, ही खानदेशाला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. (नामकरणाला पैसे फारसे लागत नाहीत, म्हणून सरकारे त्याला लवकर राजी होतात, हेही खरे.)

हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतो. विद्यापीठ म्हणजे केवळ बांभोरीचे आवार नव्हे. त्याचे बहुसंख्य विद्यार्थी त्या आवारात कधी शिकत नाहीत. ते पारोळा, धरणगाव, शिरपूर, साक्री, तळोदा, धडगाव अशा गावांतील संलग्न महाविद्यालयांत शिकतात. ते भरतात त्या परीक्षा शुल्काचा संलग्न विद्यापीठांच्या स्वतःच्या उत्पन्नात मोठा वाटा असतो. म्हणजे आवारातील शिक्षणाचा काही भार पारोळ्याचा बी.ए.चा विद्यार्थी उचलतो. त्याच्या पदरात काय पडते, हे कोणी मोजले आहे काय?

प्रथम शिक्षकांकडे पाहावे. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापक भरती राज्य सरकारने २०१७ साली रोखली. पुढे २०१८ मध्ये राज्यभरातील ३,५८० पदांना मान्यता मिळाली. त्यांतील उरलेली २,०८८ पदे भरण्याची परवानगी २०२१ मध्ये पुन्हा द्यावी लागली, यावरून भरतीचा वेग समजावा. दरम्यान माणसे निवृत्त होत राहिली. त्यांच्या जागी आले ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक : नेट-सेट झालेले, कित्येक तर पीएच.डी. झालेले, तासावर मोल घेणारे, सुट्टीत बिनपगारी, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही याची खात्री नसलेले. कापूस वेचणीच्या मजुराला किलोवर मजुरी मिळते. प्राध्यापकाला तासावर मिळते. दोघांनाही हंगाम संपला की विचारणारे कोणी नाही. अशा शिक्षकाने विद्यार्थ्याला वर्गाबाहेर वेळ द्यावा, ग्रंथालयात बसून त्याला वाचायची सवय लावावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

याच अपुऱ्या बळावर नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. विद्यापीठांच्या विभागांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतील विषय निवडावेत, कौशल्ये शिकावीत, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यावे, ही योजना कागदावर आकर्षक आहे. परंतु निवड करायला समोर दोन गोष्टी तरी असाव्या लागतात. ज्या महाविद्यालयात एका विषयाला एकच पूर्णवेळ शिक्षक आहे, तेथे विद्यार्थी विषय निवडत नाही, वेळापत्रक निवडते. आणि प्रशिक्षण कोठे घ्यायचे? अमळनेरची प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल या दोन्ही केव्हाच बंद पडल्या. पारोळ्यात कापसाचा व्यापार आहे, दुकाने आहेत, पतसंस्था आहेत; तेथे पोत्यांची नोंद ठेवून आणलेल्या प्रमाणपत्राला प्रशिक्षण म्हणायचे असेल तर गोष्ट वेगळी.

या धोरणातील सर्वांत गंभीर तरतूद मात्र शिक्षण मध्येच सोडण्याची आहे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स. वरवर पाहता ही सवलत वाटते. परंतु वर्ग कोणता आणि पायरी कोणती, याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याच्या बापाकडे पाण्याखालची केळी आहे तो चौथे वर्ष पूर्ण करील. ज्याची कोरडवाहू दोन एकर कपाशी बोंडअळीने गेली त्याची मुलगी पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन घरी बसेल. आजवर याला गळती म्हणत आणि ती कमी करणे हे सरकारचे कर्तव्य मानले जाई. आता तिलाच पर्याय म्हटले जाते. शिवाय चौथ्या वर्षाची सोय लहान गावातल्या प्रत्येक महाविद्यालयात होणे शक्य नाही. म्हणजे चौथे वर्ष हवे असेल तर पुन्हा गाव सोडणे आले, आणि १९९० मध्ये जे अंतर मिटले म्हणून आनंद झाला ते निराळ्या वाटेने परत आले.

मुलींच्या बाबतीत तर हिशेब अगदी उघड आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शुल्क माफ केले, आणि त्याची जाहिरात गावोगाव झाली. ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेने प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. त्या अभ्यासक्रमांतील मुलींना तिचा लाभ मिळतो आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तामसवाडीहून पारोळ्याला येऊन बी.ए. करणारी मुलगी त्यात बसत नाही. बारावीपर्यंत तिला अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास विनामूल्य होता. बारावी झाली, की विद्यार्थी सवलतीच्या पासासाठी भाड्याचा तिसरा हिस्सा तिने भरायचा. रक्कम मोठी नाही. पण ज्या घरात मुलीला पुढे शिकवायचे की नाही यावर आधीच दोन मते असतात, त्या घरात एवढी रक्कमही नकाराचे कारण होऊ शकते. यशवंतराव चव्हाणांच्या काळात गरीब घरच्या मुलांना ई.बी.सी. सवलत मिळाली, तेव्हा अभ्यासक्रम व्यावसायिक आहे काय, असे कोणी विचारले नव्हते. घरचे उत्पन्न तेवढे विचारले गेले.

कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणाला द्यावा, असे १९६६ साली सुचवले. २०२० च्या धोरणातही तोच आकडा पुन्हा छापला आहे. त्याखेरीज दुसरे उदाहरण द्यायला नको.

विद्यार्थ्यांना हे मांडायला व्यासपीठ असते तर गोष्ट वेगळी होती. १९९० च्या दशकात बंद झालेल्या थेट निवडणुका २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने पुन्हा मान्य केल्या. २०१९ साली त्या घेण्याचे ठरले आणि लांबणीवर पडल्या. तोवर हे काम पक्षाच्या तालुका शाखांनी करण्यास कोणाची हरकत नसावी. पारोळा, एरंडोल, अमळनेर आणि साक्री येथील कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या प्रत्येक महाविद्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती, आणि पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलींपैकी दुसऱ्या वर्षाला किती आल्या, हे चार आकडे प्राचार्यांकडून लेखी मागावेत. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. हे आकडे हाती आले, की पासाची सवलत पदवीपर्यंत वाढवण्याची आणि रिक्त पदे भरण्याची मागणी अधिसभेच्या सदस्यांपुढे आणि अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी तिन्ही जिल्ह्यांच्या आमदारांपुढे गावांच्या नावांसह ठेवता येईल.