पाणी शुद्ध करा, पण आधी कुणाचं?

जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवला. लगेच 'भोपाळचा कलंक पुसला' असा गाजावाजा सुरू झाला. मित्रांनो, हे अर्धसत्य आहे. तो कचरा गोदामात साठवलेला होता. जमिनीत मुरलेल्या विषाचं काय? नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला होता. म्हणजे हजार टनांमागे एक टनही उचललेला नाही! याच मातीतून विष भूजलात उतरतं आणि अटल-अयूब नगरसारख्या वस्त्यांच्या हातपंपांपर्यंत पोहोचतं. गॅसकांड १९८४ चं, पण पाण्यातलं विष त्याआधीपासून सांडलेल्या कचऱ्याचं आहे. वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये सांगावं लागलं.

भूजल शुद्ध करण्याची एक रूढ पद्धत म्हणजे विहिरी खोदून दूषित पाणी उपसायचं आणि त्यावर प्रक्रिया करायची. विहिरी कुठे, किती, उपसा किती, हे संगणकाच्या प्रारूपावर ठरवतात. त्याला 'इष्टतम' आराखडा म्हणतात. कमीत कमी खर्चात ठरावीक मर्यादेपर्यंत शुद्धी, हे त्याचं गणित.

हे गणित चुकीचं नाही. पण गणिताला उद्दिष्ट माणूस देतो. उद्दिष्ट फक्त खर्च असेल, तर कारखान्याच्या कुंपणाआत आकडे सुधारले की काम संपतं आणि कुंपणाबाहेरची वस्ती हिशेबातच येत नाही. शिवाय मूळ माती तशीच ठेवून उपसा थांबवला, की चिकणमातीत अडकलेलं विष पुन्हा पाण्यात उतरतं. कागदावर स्वस्त पडलेला आराखडा शेवटी वस्तीच्या तब्येतीवर महाग पडतो.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या नियोजनातही त्यांनी लक्ष घातलं. हक्क आणि तंत्र त्यांनी वेगळं मानलं नाही. मग आपण तंत्र 'तज्ज्ञांचं काम' म्हणून का सोडतो?

म्हणून मागणी नेमकी करा. आधी मातीतला स्रोत हटवा. निरीक्षण विहिरी वस्तीत खोदा आणि त्यांचे अहवाल वस्तीच्या भाषेत लावा. शुद्धीकरण पूर्ण होईपर्यंत नळाचं पाणी द्या. खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करा. तुमच्या गावाशेजारी एमआयडीसी असेल, तर हेच प्रश्न तिथेही विचारा.

तळं खुलं झालं, पण पाणी विषारी असेल तर समता अपुरीच आहे.

जय भीम!